मोंगल शाहनाम्याचीं सुटीं पानें

इराणांतील मोंगल अमदानींत तयार झालेल्या ज्या सचित्र ग्रंथास आज ‘थोरला मोंगल शाहनामा’ म्हणतात, त्याविषयीं पाश्चात्य पंडितांनीं पुष्कळ लिहिलें आहे. मोंगल म्हणजे येथें दिल्लीचे मोगल नव्हेत. चंगीझखानाचा नातू हुलागू यानें इराणांत स्थापिलेलें इल्खान घराणें येथें अभिप्रेत आहे. या ग्रंथाच्या चित्रांवर जे सिद्धांत उभारले गेले, त्यांचा भार ग्रंथाच्या आजच्या अवस्थेस कितपत पेलतो, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय होय.

फिरदौसीचें काव्य इ. स. १०१० च्या सुमारास पुरें झालें. त्याची ही भव्य प्रत तब्रीझ येथें, इल्खान अबू सईद (मृत्यु १३३५) याच्या अखेरच्या दिवसांत किंवा त्यानंतर लगेच तयार झाली असावी, असें बहुतेक जाणते मानतात. पण समाप्तीचा लेख उरलेला नाहीं; लेखकाचें नांव नाहीं, सालहि नाहीं. काल ठरविला आहे तो मुख्यतः चित्रांच्या धाटणीवरून. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत हा ग्रंथ तेहरानास काजार बादशहांच्या संग्रहांत होता. पुढें तो पॅरिसचा व्यापारी जॉर्ज देमोत याच्या हातीं गेला. सबंध ग्रंथास मनासारखें गिऱ्हाईक मिळेना, तेव्हां त्यानें तो सोडवून पानें सुटीं विकलीं. या ग्रंथास पुष्कळ दिवस ‘देमोत शाहनामा’ म्हणत आले. ग्रंथ फोडणाराच्या नांवानें ग्रंथ ओळखला जावा, हा सन्मान आमच्या मतें गैरवाजवी आहे.

नुसतें सुटें करून तो थांबला असता तरी एक वेळ चाललें असतें. कांहीं पानांवर दोन्ही बाजूंस चित्रें होतीं. एका पानाचे दोन विक्रीयोग्य माल व्हावे म्हणून तीं पानें जाडींतून चिरण्यांत आलीं, आणि निघालेले पापुद्रे दुसऱ्याच पानांस चिकटविण्यांत आले. त्यामुळें चित्राच्या पाठीमागें जो मजकूर आज दिसतो, तो त्या चित्राच्या मागचा असेलच असा भरंवसा नाहीं. पोथी हाताळणारास याचा अर्थ सांगावयास नको. बनावट कागदापेक्षांहि असा कागद घातक. कारण यांतील प्रत्येक तुकडा अस्सल आहे, आणि जोड तेवढी खोटी आहे.

आतां सिद्धांतांकडे वळूं. ओलेग ग्राबार व शीला ब्लेअर यांनीं १९८० सालीं या चित्रांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. मृत्यु व शोक, राज्यारोहण, अद्भुत प्राणी, राजकारणांतील स्त्रियांचें वजन, अशा विषयांवर चित्रकारांनीं भर दिला, आणि तो तत्कालीन मोंगल दरबाराच्या स्थितीस अनुसरून दिला, असें त्यांचें म्हणणें. त्यावरून वझीर घियासुद्दीन यानें नोव्हेंबर १३३५ ते मे १३३६ या अवधींत हें काम करविलें, असेंहि त्यांनीं सुचविलें. १९९६ सालीं अबुलअला सुदावर यांनीं याच्याहि पुढें जाऊन एकेका चित्रास मोंगल इतिहासांतील एकेक प्रसंग नेमून दिला, आणि हाच ग्रंथ म्हणजे लुप्त ‘अबूसईदनामा’ असें प्रतिपादिलें. १५४४ सालीं दोस्त मुहंमद यानें चित्रसंग्रहाच्या प्रस्तावनेंत अहमद मूसाच्या नांवावर त्या नामक ग्रंथ सांगितला आहे, हा त्यांचा आधार.

हे तर्क बुद्धिमान आहेत, यांत संशय नाहीं. पण हिशेब पाहावा. ब्लेअरबाईंनींच १९८९ सालीं मूळ ग्रंथ सुमारें २८० पानांचा व १९० चित्रांचा असावा असें मांडलें. त्यांपैकीं आज सुमारें ५८ चित्रें ज्ञात आहेत. म्हणजे तिसरा हिस्साहि पुरता नाहीं. उरलेल्यांत शोकाचीं चित्रें अधिक दिसतात, यावरून मूळांतहि तेंच प्रमाण होतें असें कसें म्हणावें? काय टिकलें आणि काय गेलें, हें तब्रीझच्या चित्रशाळेनें ठरविलें नाहीं. सहा महिन्यांत एवढीं चित्रें पुरीं होणेंहि आम्हांस अवघड वाटतें. इस्कंदराच्या कथेस येथें असाधारण जागा दिली आहे, हें निरीक्षण मात्र भक्कम आहे, व तें आम्ही मान्य करतों.

सिद्धांत बाजूस ठेवूनहि चित्रें स्वतःच्या बळावर उभीं राहतात. वॉशिंग्टनच्या फ्रीअर संग्रहांतील इस्कंदराची शवपेटी पाहावी. मध्यें पेटी, तीवर कोसळलेली, पाठमोरी माता; भोंवतीं प्रचंड शमादानें; हात वर करून आक्रोश करणारीं माणसें. मातेचें तोंड चित्रकारानें दाखविलें नाहीं, आणि तेंच सर्वांत अधिक बोलतें. खडक, वळसेदार झाडें, ढग यांत चिनी वळण इतर पानांवर उघड आहे. पण ‘चिनी अनुकरण’ म्हणून हात झटकणारांनीं हें एक पान पाहावें. हा शोक चिनी पटावरून उचललेला नाहीं.

आपल्याकडील वाचकांस हार्वर्डचें एक पान विशेष कुतूहलाचें वाटेल. हिंदचा राजा फूर, म्हणजे ग्रीकांचा पोरस, याच्या हत्तींपुढें इस्कंदर लोखंडी स्वार उभे करतो. आंत नफ्त भरून पेटविलेलें. चित्रांत ते चाकांवर धांवतात व घोड्यांच्या नाकपुड्यांतून ज्वाळा निघतात. इतिहास म्हणून हें शून्य किंमतीचें. मोंगल दरबारास यंत्रांचा व युद्धाचा देखावा कसा आवडे, याचा पुरावा म्हणून अमोल.

या पानांच्या छापील प्रतिकृति बहुधा चित्रापुरत्याच कापून दिलेल्या असतात. भोंवतालचे सहा रकाने व पाठीचा मजकूर गाळतात. जेथें पान चिरल्याचा संशय आहे तेथें तरी दोन्ही बाजू संपूर्ण छापाव्या, व पाठीवरील बैतें काव्यांत कोठें येतात हें नोंदवावें. तें होईपर्यंत पानांचा मूळ क्रम लावण्याचें काम अडूनच राहणार.