इतिवृत्ताची संहिता आणि हरवलेला उच्चार

संविधान सभेची इतिवृत्ते आपण प्रामुख्याने पुरावा म्हणून वाचतो. संहिता म्हणून क्वचितच. १० डिसेंबर १९४६ चे इतिवृत्त या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. झाशीच्या मराठी घराण्यातील रघुनाथ विनायक धुळेकर त्या दिवशी हिंदुस्थानीत बोलू लागले. इंग्रजी येत असूनही हिंदुस्थानीतच बोलणार, असे त्यांनी अध्यक्ष सच्चिदानंद सिन्हा यांना सांगितले. हिंदुस्थानी न जाणणाऱ्यांना भारतात राहण्याचा अधिकार नाही, इथवर ते गेले. हा आग्रह मातृभाषेचा नव्हता, हे लक्षणीय होय. त्याहून मोठा विरोधाभास छापील पानावर आहे. इंग्रजी नाकारणारे हे भाषण इंग्रजी आवृत्तीत भाषांतररूपानेच उरते. मूळ उच्चाराची खूण म्हणजे केवळ कंस आणि तळटीप. बंगळूरच्या सेंटर फॉर लॉ अँड पॉलिसी रिसर्चने ही इतिवृत्ते शब्दशोधास खुली केली, हे उपकारकच. परंतु तेथे सापडतो तो भाषांतरकाराचा शब्द. धुळेकरांच्या विधानातील कठोरता किती त्यांची आणि किती अनामिक भाषांतरकाराची, हे तपासल्याविना निवाडा देणे तौलनिक अभ्यासाला शोभणारे नाही. म्हणूनच हिंदी आवृत्ती शेजारी ठेवून वाचणे, ही येथे पहिली पद्धतिशास्त्रीय अट ठरते.