'अभिजात' : एका विशेषणाचे कुलशील

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीसह पाच भाषांना जो दर्जा दिला, त्याचे इंग्रजी विशेषण 'क्लासिकल' असे आहे. हिंदीने त्याला 'शास्त्रीय' म्हटले, मराठीने 'अभिजात'. पहिला पर्याय नियमबद्धतेकडे निर्देश करतो, दुसरा जन्माकडे. हा भेद केवळ शब्दनिवडीचा मानून सोडून देता येत नाही.

'क्लासिकल'चे मूळ वाङ्मयात नाही, करआकारणीत आहे. प्राचीन रोममध्ये नागरिकांचे मालमत्तेनुसार वर्ग पाडले जात. त्यांतील पहिल्या वर्गातील नागरिकालाच 'क्लासिकुस' ही संज्ञा होती. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील औलुस गेलियुसच्या ग्रंथात फ्रोंतोच्या तोंडी हे विशेषण लेखकाला लावलेले आढळते, आणि त्याच्या विरोधात 'प्रोलेतारियुस' हा शब्द येतो. मार्क्सवादी समीक्षेला याहून आयता पुरावा सापडणे कठीण! १९४४ मध्ये 'क्लासिक म्हणजे काय?' हा प्रश्न विचारताना एलियटने परिपक्वतेवर भर दिला. तरी संज्ञेच्या पोटातील श्रेणीभाव त्यामुळे नाहीसा झाला नाही.

मराठी पर्यायाने वर्गाच्या जागी कुळ आणले. 'अभिजात' म्हणजे कुलीन. 'एलिट'साठी आपण वापरतो तो 'अभिजन' शब्दही त्याच धातूपासून आलेला. मात्र शब्दाचा इतिहास एवढाच नाही. गीतेच्या सोळाव्या अध्यायात 'अभिजात' हे पद दैवी आणि आसुरी अशा दोन्ही संपदांच्या संदर्भात योजलेले आहे. तेथे त्याचा अर्थ 'अमुक संपदा घेऊन जन्मलेला' इतकाच. श्रेष्ठत्व त्यात गृहीत नाही. कुलीनतेचा अर्थ रूढ झाला आणि हा तटस्थ अर्थ मागे पडला.

दर्जाच्या निकषांनीही वंशावळीलाच महत्त्व दिले. २००४ मध्ये तमिळला मान्यता मिळाली तेव्हा हजार वर्षांची प्राचीनता पुरेशी होती. २००५ मध्ये ती मर्यादा पंधराशे ते दोन हजार वर्षांवर गेली. साहजिकच रंगनाथ पठारे समितीला नाणेघाटाचा शिलालेख, 'गाथासप्तशती' आणि महाराष्ट्री प्राकृत यांच्यापर्यंत मागे जावे लागले. ते प्रतिपादन आवश्यक होते. प्रश्न आहे तो वाङ्मयीन मूल्य प्राचीनतेत विरघळू देण्याचा.

नागपूरच्या अभ्यासकाला हा प्रश्न विशेष जाणवावा. १९७८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'लीळाचरित्रा'च्या संपादनामागे नागपूर विद्यापीठाचे माजी कुलगुरू वि. भि. कोलते यांची साधना होती. म्हाइंभटांचा हा ग्रंथ तेराव्या शतकातला, ऋद्धपूरच्या परिसराशी निगडित. भाषा नित्य व्यवहारातली. महानुभाव परंपरेत केशिराजांसारखा संस्कृतज्ञ पंडित असतानाही नागदेवाचार्यांनी त्याला संस्कृत रचनेपासून परावृत्त केले, कारण त्या भाषेने सामान्य स्त्रीपुरुष वंचित राहिले असते. कुलीन भाषा जाणीवपूर्वक नाकारून सिद्ध झालेल्या या गद्याला 'अभिजात' म्हणावयाचे, तर त्या विशेषणाचा गीतेतील जुना अर्थच पुन्हा हाती घ्यावा लागेल.