चेटकीण, शास्त्र आणि संग्राहक

जॅक्सन हे नाव नाशिककरांस बहुधा एकाच संबंधाने ठाऊक असते. २१ डिसेंबर १९०९ रोजी येथील विजयानंद नाट्यगृहात ‘शारदा’ नाटकाच्या प्रसंगी अनंत कान्हेरे यांनी ज्या कलेक्टरावर गोळ्या झाडल्या, ते हे गृहस्थ. संस्कृताचे हे व्यासंगी मुंबई इलाख्यातील लोकसमजुतींची टिपणेही जमवीत असत, ही गोष्ट मात्र फारशी कोणाच्या ध्यानात नसते. त्यांच्या मागे एन्थोव्हेन यांनी ती टिपणे संकलित केली. त्यांपैकी कोकणाविषयीचा खंड १९१५ साली बाहेर पडला. चेटूक हा विषय त्यात आला आहे, आणि त्याच अनुरोधाने आम्ही चार शब्द लिहिणार आहो.

वरून प्रश्न काढावे, ते गावोगावच्या शाळामास्तरांकडे जावे, आणि मास्तरांनी उत्तरे लिहून धाडावी, असा हा संग्रह जमला. त्याची उपयुक्तता आम्ही नाकारीत नाही. कितीतरी माहिती एरवी त्या त्या गावच्या वृद्धांबरोबरच गेली असती. पण वाचता वाचता एक गोष्ट टोचू लागते. ‘असे समजतात’, ‘अशी समजूत आहे’, ह्या धाटणीच्या वाक्यांनी सारे कसे निर्विकारपणे सांगितले जाते! कोण समजतो? कोणत्या बाईविषयी? तिच्या शेताचा बांध कोणाच्या शेतास लागून होता? चेटकिणीची शक्ती उतरविण्याकरिता तिला चांभाराच्या कुंडीतील पाणी पाजावे, तिचे दात पाडावे, असले उपाय लोकसमजुतींच्या संग्रहांतून नोंदलेले आढळतात. ते दात कोणाच्या तोंडातले, हे विचारण्याचे संग्राहकाच्या मनात येत नाही.

ह्यावर कोणी म्हणेल, तो काळच तसा; शास्त्राचा प्रसार झाला की हा अंधार आपोआप सरतो, युरोपात तसेच झाले. हे मत आमच्या सुशिक्षित घरांतून इतके रूढ आहे की ते कोणी तपासूनही पाहत नाही. युरोपचा इतिहास मात्र त्यास पुरता अनुकूल नाही. लंडनच्या रॉयल सोसायटीचा सभासद जोसेफ ग्लॅनव्हिल हा नव्या प्रयोगशास्त्राचा कट्टा अभिमानी होता, आणि त्याच अभिमानाने त्याने चेटकिणी खऱ्या आहेत असे प्रतिपादिले. त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १६८१ साली प्रसिद्ध झाला. त्याची रीत कोणती? प्रतिष्ठित माणसांच्या साक्षी जमविणे! साक्ष देणारा सभ्य आहे एवढ्यावर त्याचे समाधान होई. संग्रह आणि शोध ह्यांतील अंतर येथे उघड होते.

उलट केप्लरचे उदाहरण घ्या. ग्रहगतीचा तिसरा नियम त्याने १६१९ साली प्रसिद्ध केला. १६२० साली त्याच्या सत्तरी उलटलेल्या आईस, काथारिनास, चेटकीण म्हणून वुर्टेंबर्गमध्ये कैदेत टाकले. शेजारणीस तिने विषारी पेय पाजले, हा मूळ आरोप. पुत्राने आईचा बचाव स्वतः चालविला. जगात चेटूक नाहीच, असे तो म्हणाला नाही. त्या काळी तसे म्हणून आई सुटली नसती, आणि त्याचे स्वतःचे मतही तसे नव्हते. त्याने एवढेच केले की एकेक साक्ष हाती घेऊन तिच्यातील विसंगती दाखविली, आणि शेजारणीच्या दुखण्यास साधी, नैसर्गिक कारणे असल्याचे मांडले. चौदा महिन्यांच्या बंदिवासानंतर १६२१ च्या ऑक्टोबरात ती सुटली आणि पुढल्याच वर्षी वारली.

स्पेनमधील सालाझार हा तर शास्त्रज्ञही नव्हे. धर्मन्यायालयाचा न्यायाधीश, धर्मोपदेशक. लोग्रोन्यो येथे १६१० साली सहा जणांस जिवंत जाळले, त्या निकालात त्याचाही हात होता. पुढे तो गावोगाव हिंडला, सुमारे अठराशे जणांचे जबाब त्याने घेतले, चेटकिणींची म्हणून आणलेली मलमे पारखून ती निरुपद्रवी ठरविली, आणि पुरावा काहीच नाही असे वरिष्ठांस कळविले. १६१४ साली चौकशीचे नियम कडक झाले.

आता आपल्याकडे वळू. नाशिक विभागातच मोडणाऱ्या नंदुरबार जिल्ह्यात, सातपुड्याच्या भागात, बायांस ‘डाकीण’ ठरविण्याचे प्रकार आजच्या काळापर्यंत घडत आले आहेत. डॉ. नरेंद्र दाभोलकर ज्या कायद्यासाठी वर्षानुवर्षे झगडले, त्याचा वटहुकूम २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाल्यावर त्याच महिन्यात निघाला, आणि डिसेंबरात कायदा संमत झाला. त्याची अनुसूची साहित्याच्या वाचकानेही पाहण्याजोगी आहे. अमुक व्यक्ती करणी करते, मंत्रतंत्राने गुरांचे दूध आटविते, रोगराई पसरविते, असे भासविणे हाच तेथे गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. दूध आटविण्याचा हा आरोप युरोपातील खटल्यांतही वारंवार भेटतो! आणि १९१५ च्या संग्रहात ज्या प्रकारचे बोल ‘लोक असे म्हणतात’ म्हणून टिपले गेले, त्यांस येथे बोलणारा लाभला आहे. त्यालाच आता न्यायालयात उत्तर द्यावे लागते.

जॅक्सन यांच्या प्रश्नांस उत्तरे लिहिणारे मास्तर अडाणी नव्हते. त्यांस विचारले तेवढे त्यांनी सांगितले. आज कोणी नवा संग्राहक निघालाच, तर त्याने समजुतींची यादी वाढवू नये. ह्या कायद्याखालील फिर्यादी आणि निकालपत्रे त्याने वाचावी, सातपुड्यातील त्या बायांकडे जावे, आणि आरोप प्रथम कोणी केला, कोणत्या आजारानंतर केला, पुढे तिच्या घराचे व जमिनीचे काय झाले, हे तिच्याच तोंडून लिहून घ्यावे. असा ग्रंथ आमच्या पाहण्यात आल्यास त्याचे परीक्षण लिहिण्यास आम्ही आनंदाने जागा काढू.