गंजिफेची पाठ कुणी पाहायची?

सावंतवाडीच्या गंजिफेला, म्हणजे हातानं रंगवलेल्या गोल खेळायच्या पत्त्यांना, भौगोलिक मानांकन मिळालं आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गात गंजिफा एकदम सगळीकडे दिसू लागली. कोस्टरवर, किल्लीच्या कडीवर, लग्नपत्रिकेच्या कोपऱ्यात, हॉटेलच्या भिंतीवर काचेच्या चौकटीत. कलेला बरे दिवस आले असं जो तो म्हणतो आहे. बरे दिवस आले आहेत ते चित्राला. ज्या वस्तूवर ते चित्र काढायचं, ती वस्तू मात्र हातची चालली आहे आणि तिच्याबद्दल चकार शब्द निघत नाही.

गंजिफेचा जुना पत्ता कापडाचा. सुती कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीनं एकमेकांवर चिकटवायचे, वाळवायचे, वर खडूच्या पुडीचा लेप द्यायचा आणि गुळगुळीत दगडानं पृष्ठभाग चमकेपर्यंत घोटत राहायचं. मग गोल कातरून रंग, आणि शेवटी लाखेचा हात. यातली एकही पायरी शोभेची नाही. दशावतारी संचात १२० पत्ते. दहा अवतारांचे प्रत्येकी बारा. तिघांत वाटले की एकेकाच्या हाती चाळीस येतात. कोकणातल्या दमट हवेत ते हाताच्या घामानं चिकटता कामा नयेत, सपकन सरकले पाहिजेत; लाख हवी ती त्यासाठी. सगळ्यांची पाठ एकरंगी आणि तंतोतंत सारखी हवी. एक जरी पत्ता किंचित वाकला तर समोरच्याला राजा ओळखता येतो. म्हणजे चितारी समाजातल्या कारागिराचं खरं कसब पोटावरच्या मत्स्य-कूर्मापेक्षा पाठीवर जास्त पणाला लागे.

आजचा बहुतेक माल कागदी पुठ्ठ्यावर रंगवलेला असतो. छापील संचांबद्दल बोलण्यात अर्थ नाही. भिंगाखाली पाहायची म्हैसुरी धाटणीची अतिसूक्ष्म गंजिफा हे उत्तम लघुचित्र आहे. पत्ता म्हणून ती निकामी.

कापडाचा पत्ता आता परवडत नाही, हे नेहमीचं उत्तर. ते खोटं आहे. बंगालमधल्या बिष्णुपूरला फौजदार कुटुंब आजही दशावतारी पत्ते कापडाचे थर आणि चिंचोक्याची खळ घेऊनच बनवतं. ओडिशात रघुराजपूरच्या चित्रकारांना पटचित्रासाठी कापडाची तीच जमीन रोज तयार करावी लागते, त्यामुळे गंजप्पाही (गंजिफेचं तिथलं नाव) त्याच जमिनीवर उतरते. त्या पत्त्यांचं रेखाटन दरबारी कलमापुढे ओबडधोबड वाटेल; डोळे मोठे, रेषा जाड, रंग चार-पाचच. पण पत्ता बोटांत धरला की त्याला वजन आहे, लवचीकपणा आहे, आणि शेजारच्या पत्त्यावर घासताना त्याचा आवाज येतो. हे पत्ते खेळता येतात. गंजिफेचं भवितव्य सावंतवाडीच्या नव्या नक्षीपेक्षा बिष्णुपूरच्या या जाड्याभरड्या पत्त्यात जास्त सुरक्षित आहे, हे कोकणी माणसाला कितीही झोंबलं तरी.

सावंतवाडीचं ऋण नाकारायचं कारण नाही. १९७०च्या दशकात इथल्या राजघराण्यातल्या शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी पुंडलिक चितारी यांच्यासारख्या वृद्ध कारागिराकडून ही विद्या उचलली आणि राजवाड्यात कार्यशाळा थाटली नसती, तर आज वाद घालायलाही काही उरलं नसतं. गंजिफेचे संग्राहक रुडॉल्फ फॉन लायडेन यांचा १९८२चा लंडनमधला कॅटलॉग निघेपर्यंत जगाला या पत्त्यांची नीट ओळखही नव्हती. पण जीव वाचवणं वेगळं आणि प्रकृती सुधारणं वेगळं. पन्नास वर्षं लोटली. आता दुसरं काम व्हायला हवं होतं.

ते कसं करतात हे जपानच्या घडीच्या पडद्यांकडे, ब्योबूंकडे पाहून शिकावं. देवदारासारख्या हलक्या लाकडाची जाळी, तिच्यावर कागदाचे थरावर थर आणि पडदा दोन्ही बाजूंना दुमडता यावा म्हणून कागदाच्याच बिजागऱ्या. चित्रकार ओगाता कोरिनच्या सोनेरी पडद्यावरची निळी फुलं सगळ्यांना ठाऊक असतात, पण ती तीनशे वर्षं टिकली ती या न दिसणाऱ्या थरांमुळे. जपाननं कागद बनवणाऱ्याचं, तो चढवणाऱ्याचं, सोन्याचा वर्ख कुटणाऱ्याचं कौशल्य स्वतंत्रपणे जपलं. २०१४ साली हातकागद युनेस्कोच्या यादीत गेला, २०२०मध्ये वर्खाचं आणि कागद चढवण्याचं तंत्रही.

आपण उलट करतो. मानांकन नावाला देतो, बक्षीस चित्राला देतो. खळ शिजवणाऱ्याला, घोटणाऱ्याला, लाख लावणाऱ्याला कुणी विचारतं का? प्रदर्शनात पत्ते काचेत पालथे घालून कधी ठेवलेले असतात का? चौकटीत बसलेल्या पत्त्याला पाठ लागतच नाही, म्हणून ती कुणी करत नाही. आणि पाठ नाही म्हणून तो खेळताही येत नाही. खेळाचे नियमच पाहा: दिवसा रामाची उतारी, रात्री कृष्णाची. निम्म्या अवतारांत एक्का दश्शीला मारतो, निम्म्यांत दश्शी एक्क्याला. हे ठाऊक नसलेलं गिऱ्हाईक चांगली पाठ मागणार तरी कशाला?

तेव्हा मागणी साधी आहे. मानांकनाच्या कसोटीत कापड, खळ आणि लाख यांना जागा द्या. सरकारी खरेदीत कापडी संचाला पुठ्ठ्यापेक्षा चढा भाव द्या. शिबिर भरवायचं तर पहिले पंधरा दिवस कुणाच्या हाती कुंचला देऊ नका, घोटायचा दगड द्या. आणि सावंतवाडीत दर वर्षी स्पर्धा भरवा, चित्रांची नव्हे, खेळाची. पत्ता सरकला नाही तर तो संच बाद.