आनंद मरतो, युवराज परततो. मधल्या महिन्यांचं काय?

कॅन्सरवरचे आपले सिनेमे आणि पुस्तकं साधारण दोनच पद्धतींनी संपतात. पेशंट मरतो आणि आपण रडतो, किंवा तो जिंकतो आणि आपण टाळ्या वाजवतो. पण केमो संपवून माणूस घरी येतो आणि पुढचे कित्येक महिने ना मरतो ना जिंकतो, नुसता घरी असतो. हा भाग जवळपास कुठेच सापडत नाही. मी तो शोधत होतो, कारण सध्या मी त्यातच राहतोय.

वय अठ्ठावीस, पुण्यात सॉफ्टवेअरची नोकरी, आजार हॉजकिन लिम्फोमा. 'एबीव्हीडी' नावाची चार औषधांची केमो, दर पंधरा दिवसांनी एक असे बारा डोस. नंतरचा स्कॅन स्वच्छ आला आणि मी साखरखेर्ड्याला आई-बाबांकडे आलो. त्याला आता अडीच महिने झाले. बोटांची टोकं अजून बधिर आहेत. कीबोर्डवर एफ आणि जे या बटणांवरचे बारीक उंचवटे लागत नाहीत. बाजारापर्यंत चालून आलो की दुपारभर झोपावं लागतं. भाकरीची चव परत आली, चहाची अजून नाही. या अवस्थेत आडवं पडून फोनवर जे पाहिलं-वाचलं, त्याबद्दल हा लेख आहे.

सुरुवात अर्थातच हृषीकेश मुखर्जींच्या 'आनंद'पासून (१९७१). राजेश खन्नाच्या आनंदला आतड्याचा लिम्फोसार्कोमा असतो. हे नाव आता वापरात नाही. आज त्याला लिम्फोमाच म्हणतील. म्हणजे त्याचा आणि माझा आजार एकाच घराण्यातला. सिनेमा यायच्या आदल्याच वर्षी, १९७० मध्ये, अमेरिकेत विन्सेंट डेव्हिटा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हॉजकिनचे निम्म्याहून अधिक रुग्ण चार औषधांच्या केमोने बरे होऊ शकतात असं दाखवून दिलं होतं. मला मिळालेली एबीव्हीडी त्यानंतर काही वर्षांत मिलानमध्ये जियानी बोनाडोना यांनी तयार केली. आनंदच्या मुंबईत यातलं काहीच पोचलेलं नाही. त्याच्यावर उपचार होताना दिसतच नाहीत, त्यामुळे उपचारानंतरचे दिवसही नाहीत.

हा काही सिनेमाचा दोष नाही. पण 'आनंद'ने एक नमुना कायमचा घालून दिला: चांगला पेशंट. तो चिडत नाही, ओकत नाही, कुणाला 'आज भेटायला येऊ नका' म्हणत नाही. धडधाकट माणसांना जगायला शिकवणं हेच जणू त्याचं काम. आणि त्याची गोष्ट तो स्वतः लिहीत नाही. ती डॉक्टर भास्कर लिहितो, त्या पुस्तकाला बक्षीस मिळतं आणि तिथूनच सिनेमा सुरू होतो. आजारी माणसाची गोष्ट निरोगी माणसाच्या हाती गेली की काय उरतं, याचा इतका स्पष्ट पुरावा सिनेमाने स्वतःच दिलाय, तरी आपण तो पन्नास वर्षं नजरेआड करत आलो. मला बघायला येणाऱ्या मंडळींनाही थोडाफार आनंदच हवा असतो. मी हसलो की ते समाधानाने घरी जातात.

दुसरा नमुना युवराज सिंगचा. २०११ च्या विश्वचषकाचा मालिकावीर, २०१२ च्या सुरुवातीला इंडियानापोलिसमध्ये केमो, एप्रिलमध्ये भारतात, सप्टेंबरमध्ये चेन्नईत न्यूझीलंडविरुद्ध पुन्हा निळ्या जर्सीत. २०१३ मध्ये आलेलं त्याचं 'द टेस्ट ऑफ माय लाइफ' हे आजारी माणसाने स्वतः सांगितलेलं पुस्तक आहे आणि त्यात त्याने भीती लपवलेली नाही. पण त्याचं उपशीर्षकच सांगतं, की हा क्रिकेटपासून कॅन्सरपर्यंतचा आणि परतीचा प्रवास आहे. परतायला मैदान आहे म्हणून मधल्या पाच महिन्यांना 'तयारी' हे नाव मिळतं. ज्याला परतायला मैदान नाही, त्याच्या पाच महिन्यांना काय म्हणायचं? सॉफ्टवेअरमध्येही रिलीजच्या दिवशी केक कापतात. त्यानंतर रात्री-बेरात्री जो सपोर्टला बसतो, त्याच्यासाठी कुणी केक आणत नाही.

'झुंज', 'लढवय्या', 'मात' हे आपल्या बातम्यांमधले नेहमीचे शब्द. सुझन सॉन्टाग यांनी १९७८ मध्ये 'इलनेस ॲज मेटाफर'मध्ये या युद्धाच्या भाषेची चिरफाड केली. झुंज म्हटली की मेलेला माणूस आपोआप हरलेला ठरतो. मी यात एक भर घालीन: जिंकलेल्याला लगेच कामावर हजर राहावं लागतं. मला ऑफिसमधून पहिला मेसेज 'फायटर!' असा आला आणि दुसरा, 'सोमवारपासून लॉगिन करशील ना?' असा. गंमत म्हणजे सॉन्टाग स्वतः त्या काळात स्तनाच्या कॅन्सरवर उपचार घेत होत्या, पण त्या पुस्तकात 'मी' येत नाही. युक्तिवाद धारदार आहे, पण तो करणारं थकलेलं शरीर पानावर नाही.

ते शरीर ॲन बॉयर यांच्या 'द अनडाइंग'मध्ये (२०१९, पुढच्या वर्षी पुलित्झर) भेटतं. बॉयर कवयित्री, मुलीला एकटीने वाढवणाऱ्या, शिकवून पोट भरणाऱ्या. शस्त्रक्रियेनंतर काही दिवसांतच त्यांना वर्गावर उभं राहावं लागलं, कारण रजा उरलेली नव्हती. तेव्हा लक्षात येतं, की घरी पडून राहण्याची गोष्ट कमी लिहिली जाते याचं एक कारण पैसा आहे. ते महिने अनेकांना मिळतच नाहीत. माझे आई-बाबा आहेत, घर आहे, थोडी शिल्लक आहे, म्हणून मला मिळाले. रोजंदारीवर कापूस वेचणाऱ्या बाईचे ते महिने कुठून येणार?

मराठीत या सगळ्याच्या सर्वांत जवळ जातो तो संदीप सावंत यांचा 'श्वास' (२००४). कोकणातला परशा, डोळ्यांचा कॅन्सर, जीव वाचवायला दोन्ही डोळे काढावे लागणार. तिथे केमो नाही, शस्त्रक्रिया आहे. तरी मला तो माझा सिनेमा वाटला, कारण त्याला वाट बघणं दाखवता येतं. दवाखान्यातला बाक, कागदपत्रं, पुढे ढकललेलं ऑपरेशन, अरुण नलावडेंच्या आजोबांचं काही न सुचून बसून राहणं. शेवटी परशा काळा चष्मा लावून होडीतून गावी परततो. आपल्या सिनेमात उपचार संपवून जिवंत घरी येणारा पेशंट दुर्मीळ, तो इथे आहे. माझी तक्रार एवढीच, की सिनेमा तिथेच थांबतो. दुसऱ्या दिवशी सकाळी परशा विहिरीपर्यंत कसा गेला, कुणावर चिडला, दुपारी काय केलं, हे मला बघायचं होतं.

अशा दिवसांत गोष्टच नसते, असं कुणी म्हणेल. पण आपल्या घरांना त्यांचा आकार ठाऊक आहे. बाळंतिणीचा सव्वा महिना बघा. शेक, डिंकाचे लाडू, पथ्य, झोप. तिला कुणी लढवय्यी म्हणत नाही आणि उद्या कामाला लाग असंही म्हणत नाही, निदान ज्या घरांना परवडतं तिथे. भरून यायला वेळ लागतो हे सगळ्यांनी धरलेलंच असतं. आमच्याकडची म्हातारी माणसं मला 'बरा झाला का?' विचारत नाहीत. विचारतात, 'कसं वाटू राहिलं?' या क्रियापदात निकाल नाही, चालू असणं आहे. मला पुस्तक हवंय ते या काळातलं: 'बरा झालो' असं न सांगणारं, 'बरं वाटू राहिलं' असं सांगणारं, आणि मधेच एखाद्या पानावर 'आज नाही वाटत' म्हणणारं.

माझा पुढचा स्कॅन महिनाभरावर आहे. हा लेख मुद्दाम त्याआधी लिहिला. नंतर लिहिला असता तर रिपोर्टने त्याचा शेवट ठरवला असता, आणि तुम्हीही पुन्हा रडायचं की टाळ्या वाजवायच्या हेच बघितलं असतं.