सोवळे, पश्चात्ताप आणि 'स्मृतिचित्रे'

मराठी आत्मचरित्रांची चर्चा निघाली म्हणजे लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'चे नाव पहिल्या दोन-तिनांत येते, आणि ते आले की लक्ष्मीबाईंच्या विनोदाचे कौतुक सुरू होते. हे कौतुक अस्थानी आहे असे कोणी म्हणणार नाही. १९३४ पासून चार भागांत प्रसिद्ध झालेला हा ग्रंथ मराठी घरांना पिढ्यानपिढ्या हसवीत आला आहे. परंतु गेल्या वर्षी येथे बंगळुरात, एका प्रसंगाच्या निमित्ताने, मला तो पुन्हा वाचावा लागला आणि या खेपेस आरंभीच्या प्रकरणांतच माझे हसू मावळले.

आरंभी लक्ष्मीबाई आपल्या वडिलांचे सोवळे वर्णन करतात. जलालपूरचे हे गोखल्यांचे घर. १८५७ च्या बंडानंतर एका आप्तास फाशी झाली आणि त्या धक्क्यापासून वडिलांच्या मनाने सोवळ्याचा ध्यास घेतला, असे त्या सांगतात. बाहेरून आलेली वस्तू धुतल्यावाचून घरात यायची नाही, आणि घरातल्या बायकामुलांचा दिवस या धुण्यातच जायचा. लक्ष्मीबाईंची लेखणी अशी की, वाचक प्रत्येक वाक्याला हसतो. विनोदाची उदाहरणे म्हणून हीच पाने पुढे केली जातात. मी स्वतः महाविद्यालयात असताना एका निबंधात ती तशीच दिली होती आणि गुण मिळवले होते.

आज वाटते, त्या पानांतील खरी गोष्ट वेगळी आहे. घरात एक माणूस आजारी होता आणि त्याच्या आजाराने धर्माची वस्त्रे परिधान केलेली असल्यामुळे तो आजार आहे असे म्हणण्याची कोणास सोय नव्हती. धुणे हे शौच. शौच हा धर्म. मग तो कितीही वाढला तरी वाढला कसा म्हणावा? लोकांना कर्मठपणा दिसत होता आणि घरच्यांना जाच. दुखणे तेवढे कोणास दिसत नव्हते. ते लेकीला दिसले, तेही पन्नास-साठ वर्षांनी, लिहावयास बसल्यावर. तिने त्याला रोगाचे नाव दिले नाही, पण त्याचा आरंभ एका घटनेत, एका धक्क्यात आहे, एवढे पहिल्याच पानांत नोंदवून ठेवले. वडिलांच्या पापपुण्याचा हिशेब ती मांडत नाही. या एका संयमासाठी 'स्मृतिचित्रां'ना जेवढे श्रेय द्यावयास हवे तेवढे आपल्या समीक्षेने दिलेले नाही, असे माझे मत आहे.

आता तो प्रसंग. आमच्या कार्यालयात माझ्याहून पंधरा-सोळा वर्षांनी ज्येष्ठ असे एक सहकारी आहेत. नगरकडचे मराठी ख्रिस्ती. (नगरचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे, पण ते स्वतः अजून नगरच म्हणतात.) परमुलखात नोकरी करणाऱ्या माणसाला आपल्या भाषेतला शेजारी म्हणजे काय, हे या मासिकाच्या वाचकांस सांगावयास नको. दुपारच्या डब्याला टिळक-बालकवींपासून बदल्यांच्या यादीपर्यंत सर्व विषय व्हायचे. पावसाळ्याच्या सुमारास त्यांचे बोलणे कमी झाले. डबा अर्धा परत जाऊ लागला. पहाटे तीनला जाग येते आणि मग झोप नाही, असे ते म्हणत. ज्या टिपणीला त्यांना पूर्वी दहा मिनिटे लागत, तिच्यासमोर ते तासभर बसून राहू लागले. पुढे ते जुन्या चुकांविषयी बोलू लागले: वीस वर्षांपूर्वी आईला एक पत्र उशिरा टाकले, एका कनिष्ठाच्या गोपनीय अहवालात एक वाक्य कठोर लिहिले. या गोष्टी ते पापे म्हणून सांगत आणि देवाने आपल्याला टाकले आहे असे म्हणत.

येथे जलालपूरच्या घरात घडले तेच घडले. त्यांच्या प्रार्थनासभेतील मंडळींना यात आध्यात्मिक नम्रता दिसली. पश्चात्ताप हा ख्रिस्ती जीवनाचा आरंभ. मग पश्चात्ताप करणाऱ्या माणसाला आजारी कोण म्हणेल? कोणी उपास धरला, कोणी घरी येऊन तासतासभर प्रार्थना केली. त्यात दुष्टावा कोणाचाच नव्हता. अकारण व अतिरिक्त अपराधभावना हे याच रोगाचे एक ठळक लक्षण आहे, ही गोष्ट त्यांच्यापैकी कोणास ठाऊक नव्हती, आणि मलाही नव्हती. मी काय केले? मी साहित्याचा भोक्ता! मी त्यांना सांगितले, "अहो, ही तर तुकोबांची अवस्था, यातूनच मोठी कविता येते." आणि घरून टिळकांची 'अभंगांजली' आणून दिली.

हा सल्ला मी कोठून आणला याचा मी पुढे पुष्कळ विचार केला. आपल्याकडे विषादाला प्रतिष्ठा आहे. गीतेच्या पहिल्या अध्यायाचे नावच अर्जुनविषादयोग. विषाद हाही एक योग, पुढच्या सतरा अध्यायांचे दार. तुकोबांचे काळोखाचे अभंग आपण साधकावस्थेचे म्हणून वाचतो, म्हणजे त्यांच्या पुढे सिद्धावस्था आहे हे गृहीत धरूनच वाचतो. आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे टिळक म्हणत. तेव्हा त्या पुलावरून ही रीतही पलीकडे गेली यात नवल नाही. अभंगाची घडणच अशी की, पहिल्या चरणात कितीही आर्तता असो, अखेरीस नाममुद्रा येते आणि कवी आपल्याला कोणाच्या तरी पायांवर घालतो. भजनाला वळावेच लागते. आठ-दहा ओळींत त्याला अंधारातून उजेडात यावयाचे असते, कारण ते गाऊन लोकांना घरी जावयाचे असते.

रोगावर असे कोणतेच बंधन नाही. शेवटचा चरण आला म्हणून तो वळत नाही. परंतु लहानपणापासून भजने गाऊन वाढलेला माणूस भजनाचा नियम आपल्या मनाला लावतो, आणि मन वळले नाही की चरण आपणच चुकलो असे समजतो. माझ्या सहकाऱ्यांना 'अभंगांजली'ने धीर दिला नाही. प्रत्येक अभंगाच्या शेवटी त्यांना एक परीक्षा दिसू लागली आणि तीत ते रोज नापास होऊ लागले. पवित्र शास्त्रातल्या स्तोत्रकर्त्यांना हे ठाऊक असावे. दीडशे स्तोत्रांमध्ये अठ्ठ्याऐंशीवे तेवढे अंधारातच संपते. ते संग्रहात ठेवणाऱ्या संकलकाचा मला आदर वाटतो.

भाषेनेही आपला वाटा उचलला आहे. या रोगाला आपण आज 'नैराश्य' म्हणतो. मधुमेह म्हटले की रोग डोळ्यांपुढे येतो. नैराश्य म्हटले की मनाचा दुबळेपणा येतो. त्यातही मराठी ख्रिस्ती कानाला हा शब्द अधिक लागतो. पौलाने ज्या तीन गोष्टी टिकणाऱ्या म्हणून सांगितल्या त्या मराठीत विश्वास, आशा आणि प्रीती. तिघींपैकी मधली जिच्यात नाही ती अवस्था नैराश्य! म्हणजे वैद्याने निदान सांगावे आणि रुग्णाने ते दोषारोप म्हणून ऐकावे.

'स्मृतिचित्रां'कडे परत येतो. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. त्या बातमीने लक्ष्मीबाईंची काय दशा झाली, नातलगांनी त्यांना कसे सांभाळले, ते त्यांनी लिहिले आहे. पुढे १९०० मध्ये त्यांनी स्वतः ख्रिस्ती धर्म स्वीकारला. सामान्य धर्मांतरकथेत या दोन टोकांमध्ये एक सरळ रेषा असते: आधी अंधार, मग प्रकाश, दुःख हा रोग आणि बाप्तिस्मा हे औषध. लक्ष्मीबाईंना अशी कथा लिहिण्याची आयती संधी होती, आणि वाचणाऱ्या मंडळीला ती आवडलीही असती. त्यांनी ती लिहिली नाही. त्यांचे धर्मांतर हळूहळू, शिवाशिवीविषयीच्या अगदी घरगुती विचारांतून होते: पाणी कोणाच्या हातचे प्यावे, जाती देवाने केल्या की माणसांनी. दुःख उणे होते तेही माणसांच्या सोबतीने, कामाने, वेळ गेल्याने. बाप्तिस्म्यानंतरही टिळकांचा तापट स्वभाव, पैशाची ओढाताण आणि आजारपणे तशीच चालू राहतात. गद्याला शेवटच्या चरणात वळण्याची सक्ती नसते. लक्ष्मीबाईंनी त्या सवलतीचा पुरेपूर प्रामाणिक उपयोग केला. टिळक कवी म्हणून थोर खरे, पण या एका बाबतीत बायकोचे गद्य नवऱ्याच्या भक्तिगीताहून मला अधिक सत्य वाटते.

सगळ्या चरित्रकारांना हे साधले नाही. १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण आणि १८१० मध्ये कोश छापणाऱ्या विल्यम केरीचे नाव आपण कृतज्ञतेने घेतो. त्याची पत्नी डॉरथी १७९३ मध्ये मनाविरुद्ध हिंदुस्थानात आली. दुसऱ्याच वर्षी पाच वर्षांचा मुलगा पीटर वारला. त्यानंतर तिचे मन जे भ्रमिष्ट झाले ते १८०७ मध्ये मरेपर्यंत सावरले नाही. म्हणजे मराठीचे ते व्याकरण तयार होत होते त्या घरात एक स्त्री कोंडलेली होती. त्या काळी तिच्यावर खरा इलाज नव्हता, हे मान्य. पण जुन्या चरित्रांत ती येते ती केरीच्या खांद्यावरचा क्रूस म्हणून. त्याची सहनशीलता दिसावी म्हणून तिचे दुःख. तिच्याच नावाने चरित्र लिहिले जाण्यास १९९२ साल उजाडावे लागले. ते जेम्स बेक यांनी लिहिले.

कोणी म्हणेल, हे सारे ख्रिस्ती धर्माविरुद्धचे बोलणे झाले. तसे मुळीच नाही. १८९४ मध्ये वॉनलेस यांनी उभारलेल्या मिरजेच्या इस्पितळाची कीर्ती सांगलीपासून बेळगावपर्यंत कोणास ठाऊक नाही? पोटाच्या शस्त्रक्रियेसाठी तेथे जाताना कोणा ख्रिस्ती माणसाचा विश्वास उणा ठरला नाही. या बंगळुरातच कॅथलिक धर्माध्यक्षांच्या परिषदेने १९६३ मध्ये सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालय काढले. शुभवर्तमान लिहिणारा लूक स्वतः वैद्य होता. आणि एलीया संदेष्टा रानात झुडुपाखाली बसून मरण मागतो, तेव्हा देवदूत त्याला उपदेश करीत नाही. झोपू देतो, उठवून भाकर-पाणी देतो, पुन्हा झोपू देतो. देवाचा शब्द त्यानंतर, चाळीस दिवसांची वाट चालून झाल्यावर येतो. हा क्रम ध्यानात घेण्यासारखा आहे.

सर्वांत बोलके उदाहरण स्टॅन्ली जोन्स यांचे. १९०७ मध्ये हिंदुस्थानात आलेल्या या अमेरिकन मिशनऱ्याची प्रकृती काही वर्षांतच मनाच्या थकव्याने पार ढासळली. सावरले ते लखनौमध्ये प्रार्थना करीत असता, असे ते आयुष्यभर सांगत. अशा माणसाने इतरांना 'तुम्हीही प्रार्थनाच करा' असे सांगितले असते तर ते क्षम्य होते. त्यांनी १९५० मध्ये त्याच लखनौत 'नूर मंझिल' हे मानसोपचाराचे केंद्र काढले. स्वतःचा अनुभव खरा मानून तो दुसऱ्यावर न लादणे ही दुर्मीळ गोष्ट आहे. समीक्षकांनाही ती फारशी साधत नाही.

बंगळूरच्या मराठी माणसाला होसूर रस्त्यावरून जाताना निम्हान्सची भिंत रोज दिसते. एकोणिसाव्या शतकात निघालेल्या वेड्यांच्या इस्पितळाच्या जोडीला १९५४ मध्ये केंद्र सरकारची मानसिक आरोग्याची संस्था आली आणि १९७४ मध्ये दोन्ही मिळून निम्हान्स झाली. याच संस्थेने बारा राज्यांत केलेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दर वीस माणसांत एकाला आयुष्यात केव्हा तरी हा रोग होतो असे दिसले. आमच्या मजल्यावर साठ माणसे बसतात. तरीही त्या भिंतीचे नाव कार्यालयात थट्टेतच निघते, आणि रजेच्या अर्जाला तेथला दाखला जोडण्यापेक्षा पाठदुखी लिहिणे लोकांना सोपे वाटते.

माझे सहकारी अखेर तेथे गेले ते माझ्या सांगण्याने नव्हे, आणि 'स्मृतिचित्रे' वाचूनही नव्हे. त्यांच्या पत्नीने केंद्रीय आरोग्य योजनेच्या दवाखान्यातून चिठ्ठी घेतली आणि त्यांना रिक्षात बसवले. गोळ्या सुरू झाल्या. पहिल्या आठवड्यात मळमळ आणि कोरडे तोंड; गुण मात्र नाही. विश्वासाच्या परीक्षेत नापास झालो तसे औषधाच्याही झालो, असे ते म्हणू लागले. उपद्रव आधी आणि गुण दोन ते चार आठवड्यांनी, कधी त्याहूनही उशिरा, हा या औषधांचा क्रमच आहे, असे डॉक्टरांनी त्यांना दुसऱ्या भेटीत पुन्हा समजावले, आणि बरे वाटू लागल्यावरही निदान सहा महिने तरी गोळ्या सोडावयाच्या नाहीत असे बजावले. पाचव्या आठवड्यात त्यांनी डबा संपवला. ते त्यांच्या ध्यानातही आले नसावे.

या लेखाचा कच्चा खर्डा मी त्यांना दाखवला आणि छापण्याची परवानगी मागितली. परवानगी त्यांनी दिली, पण मत मान्य केले नाही. म्हणाले, "तुम्ही भजनावर उगाच आळ घेता. बाह्यरुग्ण विभागाच्या बाकावर साडेतीन तास बसलो होतो. गोळीचा गुण यायला अजून महिना होता. त्या साडेतीन तासांत मनात काय चालू होते, सांगू?"

मी म्हटले, "सांगा."

"टिळकांचेच भजन. शेवटचा चरण आठवत नव्हता, म्हणून पहिलाच पुन्हा पुन्हा म्हणत होतो."

कोणते भजन ते मी विचारले. त्यांनी हसून डब्याचे झाकण लावले आणि बदल्यांच्या यादीचा विषय काढला.