दगडाचे छायाचित्र आणि माणसाचे नाव

बुलढाणा जिल्ह्यातील लोणारच्या दैत्यसूदन मंदिराची छायाचित्रे हेन्री कझेन्स यांच्या दख्खनमधील मध्ययुगीन मंदिरांवरील ग्रंथात आहेत. ग्रंथ १९३१ साली प्रसिद्ध झाला. त्याच्या आदल्याच वर्षी, २ मार्च १९३० रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला होता. कॅमेरा देवळापर्यंत पोचला होता आणि माणूस दाराबाहेर उभा होता. या दोन घटना शेजारी ठेवल्याशिवाय मला ही चित्रे पाहताच येत नाहीत.

चित्रांचे मोल मी नाकारीत नाही. उद्या शिल्प झिजले, शिळा ढळली, तरी पुरावा उरेल. प्रश्न आहे तो नोंदीच्या दृष्टीचा. शैली, काळ, राजवंश यांना तीत जागा मिळते. शिळा वाहणाऱ्या खांद्यांना मिळत नाही. विष्णूने लवणासुराला मारले, ही जेत्याची कथा तर मंदिराच्या नावातच आहे. मारला गेलेला 'दैत्य' कोण, हा प्रश्न जोतीराव फुल्यांनी १८७३ च्या 'गुलामगिरी'त उभा केला. चित्राखालच्या ओळीला तो अजून शिवलेला नाही.

हे केवळ लोणारचे नाही. कंबोडियातील अंकोरवाटची छायाचित्रे जॉन थॉमसन यांनी १८६६ मध्ये काढली. भव्यता तीत पुरेपूर आहे. परंतु त्याच ख्मेर भूमीतील प्राचीन शिलालेखांत देवळांना दान दिलेल्या दासांच्या नावानिशी याद्या आहेत. त्यांतील काही नावांचा अर्थ 'कुत्रा', 'दुर्गंधी' असा होतो. शूद्राचे नाव निंदाव्यंजक असावे, असे सांगणारी मनुस्मृती १९२७ साली महाडला जाळली गेली; त्या आगीचे कारण समजायला ही नावे पुरेशी आहेत. म्हणजे दगडाने माणसाची नोंद ठेवली होती, अपमानासह का होईना. देवळाच्या देखण्या चित्राने तीही ठेवली नाही.

आज कॅमेरा आपल्या पोरांच्या हाती आहे. त्यांनी लोणारचे खांब जरूर टिपावेत. त्याबरोबरच आपल्या वस्तीतील म्हाताऱ्यांना विचारावे, आपल्या गावच्या देवळात कोणत्या पायरीवर, कोणत्या साली, कोणाला अडवले गेले. त्या पायरीचे छायाचित्र घ्यावे आणि खाली त्या माणसाचे नाव लिहावे. मंदिराचे दस्तऐवजीकरण तेव्हा कुठे पुरे होईल.